'अशोकन फेअरवेल'चा रचनाकार अज्ञात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या सुरावटींवर आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. विषय माझ्या जिव्हाळ्याचा, आणि लिहिणाऱ्याने मन लावून लिहिलं आहे हेही जाणवतं. पण 'अशोकन फेअरवेल' या फिडलच्या धुनेवरचा परिच्छेद वाचून मला गप्प बसवेना. त्यात म्हटलं आहे की ही अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात छावण्यांमधून वाजवली जाणारी पारंपरिक धून आहे, ती कुणी रचली हे कुणालाच ठाऊक नाही, आणि तिच्या नावात आपला सम्राट अशोक आहे. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. धून १८६१ची नाही, १९८२ची आहे. ती रचणाऱ्याचं नाव जे उंगर. आणि अशोकन हे न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावाचं नाव आहे, तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं. सम्राट अशोकाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मी फोंड्यात व्हायोलिन शिकवतो. आमच्याकडची जुनी माणसं या वाद्याला रेबेक म्हणतात. लहानपणी चर्चमधल्या संगीतशिक्षकांकडे मी नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन हनुवटीखाली धरायला शिकलो. पुढे रागदारी शिकलो ती मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवून. त्यामुळे लेखात फिडल आणि व्हायोलिन ही दोन वेगळी वाद्यं असल्यासारखं लिहिलंय तेही खटकलं. वाद्य एकच आहे. चार तारा, तोच गज, त्याच खुंट्या. लोकधुना आणि नाचाच्या चाली वाजवणारे त्याला फिडल म्हणतात, मैफलीत वाजवणारे व्हायोलिन. फरक हातात असतो, लाकडात नसतो.

ही धून माझ्याकडे आली ती नव्वदीच्या दशकात. माझ्याबरोबर चर्चच्या शाळेत शिकलेला एक मित्र तारवटी, म्हणजे बोटीवरचा नोकरदार, झाला होता, प्रवासी बोटीवरच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचा. सुट्टीवर आला की माझ्यासाठी स्वरलिपीची पानं घेऊन यायचा. त्या खेपेला त्याने जे पान दिलं ते चार घड्या घालून पाकिटात ठेवलेलं, घडीवर अक्षरं पुसट झालेली, खालच्या बाजूला कॉफीचा डाग. वर मधोमध धुनेचं नाव आणि उजव्या कोपऱ्यात, जिथे रचनाकाराचं नाव छापायची पद्धत आहे तिथे, बारीक अक्षरात 'जे उंगर'. ते पान अजून माझ्या पेटीच्या झाकणात, रोझिनच्या डबीखाली आहे. म्हणून 'रचनाकार अज्ञात' हे दोन शब्द मला इतके लागले. नाव तिथेच होतं, पानाच्या कोपऱ्यात.

धून ऐकली नसेल अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. तीन मात्रांची वॉल्ट्झची लय, पण इतकी संथ की नाचणाऱ्यांना पाय उचलायची घाई नसते. डी मेजर, म्हणजे आपल्या बिलावलाचे शुद्ध स्वर. सुरुवातीला पंचम आणि निषादाला जेमतेम स्पर्श करून सुरावट वरच्या षड्जावर जाते, तिथे टेकते, आणि मग निषाद, धैवत, पंचम अशी उतरत गंधारावर येऊन थांबते. एवढ्यातच सगळं काही आहे. चढणं अगदी थोडं आणि उतरणं सावकाश. माझे विद्यार्थी पहिल्यांदा वाजवतात तेव्हा तो वरचा षड्ज लवकर सोडून देतात. मी त्यांना सांगतो, गज संपेपर्यंत थांबा, निघवत नाहीये त्या माणसाला तिथून.

आणि खरोखरच निघवत नव्हतं. जे उंगर यांचा जन्म १९४६चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला, ज्यू कुटुंबातला. १९८०पासून ते उन्हाळ्यात कॅट्सकिल डोंगरात, अशोकन इथे, फिडल आणि लोकनृत्याची शिबिरं घेऊ लागले. रानातली जागा, दिवसभर वाजवणं, रात्री नाच, सगळ्यांचं जेवण एकत्र. १९८२ची शिबिरं संपली, माणसं आपापल्या घरी गेली, आणि उंगरही घरी परतले. त्यांनी स्वतः सांगितलं आहे की रानातल्या त्या दिवसांतून रहदारी, टेलिफोन आणि बातम्यांच्या जगात परत येणं त्यांना जड गेलं. काहीतरी हरवल्यासारखं वाटत होतं. त्या भरात ते वाजवत बसले, आणि धून आकाराला आली तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. नंतर कित्येक महिने त्यांनी ती कुणाला ऐकवली नाही. वाजवली की मन भरून यायचं आणि ते का, हे त्यांचं त्यांनाच नीट कळत नव्हतं. इतर कुणाला तसं काही वाटेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

नाव दिलं मॉली मेसन यांनी. त्या उंगर यांच्या 'फिडल फीव्हर' या गटात वाजवायच्या, आणि १९९१ साली दोघांनी लग्न केलं. म्हणजे धून कुणी रचली, कुठल्या साली, कशामुळे, नाव कुणी ठेवलं, हे सगळं ठाऊक असलेली ही धून आहे. आपल्याकडच्या किती चालींबद्दल इतकं सांगता येईल?

मग ती यादवी युद्धाची कशी ठरली? याचं उत्तर केन बर्न्स यांच्या माहितीपट-मालिकेत आहे. १९८४ साली 'फिडल फीव्हर'ची तबकडी त्यांच्या ऐकण्यात आली. पुढे यादवी युद्धावर त्यांनी जवळपास अकरा तासांची मालिका केली, ती सप्टेंबर १९९०मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि सुमारे चार कोटी लोकांनी पाहिली. तिच्यातलं बाकी संगीत एकोणिसाव्या शतकातलं. एवढी एकच धून नवी, आणि तीच पुन्हा पुन्हा, पंचवीस वेळा वाजते. पहिल्या भागाच्या शेवटी सलिव्हन बॅलू नावाच्या मेजरने बायकोला लिहिलेलं पत्र वाचलं जातं. ऱ्होड आयलंडच्या पलटणीतला हा माणूस. पत्र १४ जुलै १८६१चं. त्याच महिन्याच्या २१ तारखेला बुल रनच्या लढाईत तो जखमी झाला आणि साधारण आठवड्याभराने गेला. बायकोला तो लिहितो की मी परत आलो नाही तरी मी तुझ्या आसपास असेन. त्या शब्दांखाली ही धून वाजत असते. ज्याने ते एकदा ऐकलं त्याच्या मनात पत्र आणि धून वेगळी राहत नाहीत. पत्र १८६१चं, म्हणून धूनही १८६१ची, असं लोकांनी धरलं. खुद्द अमेरिकेतही पुष्कळ जण अजून तसंच समजतात, तेव्हा आपल्या लेखकाचा दोष मी फार मानत नाही. पण छापण्यापूर्वी एकदा नाव शोधायला हवं होतं.

धून जुनी वाटते, तेही खरंच. उंगर यांनी ती स्कॉटलंडच्या शोकधुनांच्या वळणाने बांधली. ब्रॉन्क्समधल्या एका ज्यू माणसाने रचलेली ही स्कॉटिश शोकधून आहे, अशी ओळख ते स्वतः करून देतात. पण ज्या परंपरेचं हे वळण, ती तरी कुठे बिननावाची आहे? डंकेल्डजवळच्या इन्व्हर गावचे नील गॉ (१७२७–१८०७) हे तिथले मोठे फिडलवादक. १८०५मध्ये त्यांची दुसरी पत्नी वारली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी जी शोकधून रचली ती दोनशे वर्षांनंतरही त्यांच्याच नावाने वाजते. लोकांच्या ओठी गेली म्हणून तिथे कुणी नील गॉचं नाव पुसलं नाही. धून लोकांची होते हे खरं, पण त्यासाठी रचणाऱ्याला बेवारस करावं लागत नाही.

आता अशोकनविषयी. माझं या धुनेशी खरं नातं इथे आहे.

न्यूयॉर्क शहराची तहान भागवण्यासाठी १९०७ ते १९१५ या काळात कॅट्सकिलमध्ये एसोपस नदीवर धरण बांधलं गेलं. त्याच्या जलाशयाला अशोकन म्हणतात, कारण त्या नावाच्या गावाचा बराचसा भाग त्याच्या पाण्याखाली आहे. अशी आणखीही गावं होती. काही बुडाली, काही उचलून वरच्या अंगाला नेली. सुमारे दोन हजार माणसांना घरं सोडावी लागली. स्मशानं उकरून जवळपास २८०० मृतांचे अवशेष दुसरीकडे पुरले. झाडं तोडली, घरं पाडली, रेल्वेचा मार्ग हलवला आणि मग पाणी सोडलं.

मी मूळचा कुर्डीचा. सांगे तालुक्यातलं कुर्डी. गोव्याबाहेरच्या मराठी वाचकांना हे नाव ठाऊक असेल ते गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांमुळे. त्या आमच्या गावच्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली कुर्डी १९८६ साली पूर्ण गेलं. त्याच्या आधीच घरं हलू लागली होती. सहाशेच्या वर कुटुंबं, सगळी मिळून तीनेक हजार माणसं, वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेली. आमचं बिऱ्हाड ट्रकवर चढलं ते १९८२ साली. ज्या साली ही धून रचली गेली तेच साल. हा योगायोग आहे, त्यातून मी काही सुचवू इच्छित नाही. पण स्वरलिपीच्या पानावरून शोध घेत ते साल माझ्या हाती लागलं, तेव्हा मी बराच वेळ काही न बोलता बसून होतो.

गावातलं प्राचीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड न् दगड सुटा करून धरणाजवळच्या उंचवट्यावर पुन्हा उभं केलं. आज ते तिथे आहे, जाऊन बघता येतं. घरांचं तसं झालं नाही. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं की कुर्डी वर येतं. भेगाळलेली जमीन, चिऱ्याचे जोते, झाडांची वाळकी बुंधं, सोमेश्वराचं ठिकाण, जुन्या कपेलाची, म्हणजे छोट्या चर्चची, जागा. तेव्हा आम्ही सगळे जातो. हिंदू सोमेश्वराच्या उत्सवाला, ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या फेस्ताला. मुलांना दाखवतो, इथे आपलं अंगण, इथे विहीर. जूनमध्ये पाऊस लागला की गाव परत खाली जातं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर मीही आपल्या लेखासारखीच चूक करीन. जे उंगर यांनी ही धून बुडालेल्या गावासाठी रचलेली नाही. ती शिबिराच्या निरोपाची आहे, माणसांच्या निरोपाची. तिला धरणग्रस्तांचं गीत करून टाकायचा मोह मला अनेकदा झाला. माझ्या विद्यार्थ्यांसमोर एकदा मी तसं बोलूनही गेलो होतो आणि पुढच्या तासाला ते मागे घेतलं. खरं आहे ते एवढंच: पाण्याखाली गेलेल्या एका गावाचं नाव या धुनेत राहिलं. मोगूबाईंच्या आडनावात आमचं कुर्डी राहिलं, तसं. आज जगभर ही धून वाजवणारे लोक अशोकन हा शब्द उच्चारतात, त्यांतल्या बहुतेकांना ते गाव होतं हे माहीत नसेल. तरी नाव तोंडी आहे. सम्राट अशोकाशी त्याचं नातं जोडलं की तेवढंही त्या गावाकडून काढून घेतल्यासारखं होतं. म्हणून ती चूक मला तिन्हींत जास्त बोचली.

आपल्या घरचंही एक उदाहरण आहे. गोव्यात समारंभ संपताना, सगळे उठायच्या आधी, जो मांडो, म्हणजे संथ चालीचं कोंकणी गीत, हटकून गायला जातो, तो 'अदेवस कोरचो वेळु पावलो'. निरोप घ्यायची वेळ आली. घुमट हे मातीचं तालवाद्य आणि रेबेक असली तर उत्तम, नसली तर नुसत्या टाळ्यांवर. मी असंख्य लग्नांत तो वाजवला आहे. निवेदक माइकवरून दर वेळी सांगतो, 'आता एक पारंपरिक मांडो.' पण तो रचला लोटली गावच्या तोर्कातो द फिगेरेदो यांनी (१८७६–१९४८). स्वतः उत्तम व्हायोलिन आणि पियानो वाजवणारा माणूस. मांड्याची चाल आणि 'अशोकन फेअरवेल' या दोन्ही संथ, दोन्ही तीनाच्या अंगाने चालणाऱ्या, दोन्ही निरोपाच्या, आणि दोघांचेही रचनाकार ठाऊक असताना दोन्हींना 'पारंपरिक' म्हणून मोकळं व्हायची सवय. मी आता लग्नात वाजवायला जातो तेव्हा निवेदकाच्या हातात आधीच चिठ्ठी देतो, मांड्याचं नाव आणि खाली तोर्कातो द फिगेरेदो. कधी वाचतात, कधी राहून जातं. मी चिठ्ठी देत राहतो.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याच्या कितीतरी व्हायोलिनवादकांनी आणि संयोजकांनी आयुष्य काढलं. पडद्यावर त्यांची नावं क्वचित आली. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तरी त्यांच्या शिष्याने एका गाण्यातून अजरामर केलं. बाकीच्यांची नावं त्यांच्या घरच्यांना माहीत. नाव न छापण्याने काय होतं ते आम्हा वाजवणाऱ्यांना चांगलं कळतं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला मी व्हायोलिन घेऊन गेलो होतो. दुपारची आरती आटोपली, लोक सावली शोधून पांगले. मी आमच्या घराच्या जोत्यावर जाऊन बसलो. तुळशीवृंदावनाचा फक्त खालचा चौथरा उरलाय, त्यात वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे. उन्हाने लाकूड इतकं तापलं की खुंट्या सैल पडत होत्या. दोनदा थुंकी लावून घट्ट केल्या, आणि वाजवायला लागलो. भोवती झाड नाही की भिंत नाही, त्यामुळे आवाज कुठे आपटून परत येत नव्हता, नुसता निघून जात होता. वरचा षड्ज मी गज संपेपर्यंत धरला.

शेजारच्या जोत्यावर आमच्या वाड्यातली एक काकी बसली होती. ऐंशीच्या पुढची, नातवाने धरून आणलेली. मी थांबलो तशी तिने विचारलं, "कोणाची रे ती?" मी सांगितलं, अमेरिकेतल्या जे उंगर नावाच्या माणसाची. तिने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग विचारलं, "ताचोय गांव बुडला?" मी म्हटलं, त्याचं नाही, पण धुनेला ज्या गावाचं नाव आहे ते गाव बुडालं. ती मान हलवत राहिली आणि म्हणाली, "परत वाजय."

ऐंशी पार केलेल्या, कधी गोव्याबाहेर न गेलेल्या बाईने पहिला प्रश्न विचारला तो 'कोणाची' हा. आपल्या वाचकालाही तो पडतो. म्हणून विनंती अशी की येत्या रविवारच्या पुरवणीत, जिथे तो लेख होता त्याच पानावर, दुरुस्ती छापावी. लांबलचक खुलासा नको. 'अशोकन फेअरवेल, रचना: जे उंगर, १९८२, अशोकन हे न्यूयॉर्क राज्यातलं, आता बरंचसं पाण्याखाली असलेलं गाव' एवढी ओळ पुरे. जागा उरली तर त्याच्याखाली तोर्कातो द फिगेरेदो यांचंही नाव यावं, कारण त्या लेखात मांड्याचा उल्लेख आहे आणि रचनाकाराचा नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक व्हायोलिनशिक्षक, फोंडा
(मूळ गाव कुर्डी, ता. सांगे)